उरल्यातल्या चिठ्ठ्या

माझं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात आणि शाळा उरल्यात. मराठी कानाला हे नाव जरा विचित्र लागतं. नागपूरची मावशी फोनवर विचारायची, "आज कुठं, उरल्यालाच ना?" आणि स्वतःच हसायची. "पण कोण उरला गं?" हा तिचा ठरलेला विनोद. आई होती तोवर मलाही त्याचं हसू यायचं.

उरला म्हणजे रायपूरच्या उत्तरेचा कारखान्यांचा भाग. शेजारी बिरगाव, पुढे सिलतरा. रोलिंग मिल, स्पंज आयर्नच्या भट्ट्या, लोखंडाची भंगारं, ट्रकांच्या रांगा. जवळच उरकुरा स्टेशन, आणि त्यावरून हावडा-मुंबईच्या गाड्या न थांबता जातात. हवेत काळी धूळ असते. सकाळी पुसलेलं टेबल मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा काळं होतं. मुलांच्या वह्यांच्या कडासुद्धा काळ्या. वर्गात निम्मी मुलं छत्तीसगढी बोलणारी, बाकीची बिहारची, ओडिशाची, उत्तर प्रदेशची, दोन-तीन गोंदिया-भंडाऱ्याकडची. बहुतेकांचे वडील ठेकेदाराकडे कामाला, पाळ्यांमध्ये विभागलेले. मी त्यांना हिंदी शिकवते. नववीला.

हायकू वर्गात आला तो कुठल्या उदात्त हेतूनं नाही. चाचणी परीक्षा संपली होती, पुढचा धडा आठवड्यानं सुरू करायचा होता, आणि बेचाळीस मुलांना चाळीस मिनिटं गप्प बसवायचं होतं. मोजायला दिलं की मुलं गप्प बसतात, एवढा अनुभव गाठीशी होता. हिंदीत हायकूची अक्षरं मोजतात: पाच, सात, पाच. आधा अक्षर धरत नाहीत. म्हणजे 'चप्पल' तीन अक्षरी. मराठीत आपण इतकं काटेकोर कधी मोजलं नाही. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला तो तीन ओळींच्या मोकळ्या अंगानं, अक्षरांचा हिशेब बाजूला ठेवून. त्यांची पुस्तकं आईच्या कपाटात होती आणि मी वाढले त्यांच्यावरच. त्यामुळे बोटांवर अक्षरं मोजणारा वर्ग बघून मला आधी थोडा रागच आला. ही काय कविता, हा तर पाढा. पण नंतर लक्षात आलं की जे मूल निबंधात चार वाक्यं लिहीत नाही, ते सतरा अक्षरांसाठी अर्धा तास डोकं खाजवतंय. तेव्हा म्हटलं, मोजू देत.

विषय दिला 'प्रेम' आणि तिथंच फसले. वर्गभर खिदळणं. वह्यांमध्ये चंद्र, चांदणी, गुलाब आणि 'दिल', तेही बाणासकट. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "प्रेम? नौवीं में?" त्यांचंही चूक नव्हतं. पालक तक्रार घेऊन आले तर उत्तर मलाच द्यावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा शब्द पुसला आणि तिथं लिहिलं, 'मया'.

हा छत्तीसगढी शब्द. आपल्या 'माये'च्या अगदी जवळचा. फरक इतकाच की आपली माया आजी-आईपाशी थांबते, प्रियकर-प्रेयसीला आपण वेगळे शब्द ठेवले आहेत. छत्तीसगढीत दोन्हींना 'मया'च. आईची मया, आणि गाण्यातल्या पोरीवर जडते तीही मया. शब्द बदलला तसा वर्ग बदलला. खिदळणं थांबलं असं नाही, पण चंद्र-चांदण्या आटल्या आणि घरातल्या वस्तू यायला लागल्या. एका मुलानं लिहिलं:

रात की पाली
पापा की चप्पल भी
नहीं सोती है

वडील सेफ्टी बूट घालून कामावर गेलेले, चप्पल दाराशी. मी ही चिठ्ठी दोनदा वाचली. पाठ्यपुस्तकात 'मानवीकरण' म्हणून जे शिकवताना माझा घसा कोरडा पडतो, ते हा मुलगा दारात बसून शिकला होता.

दुसरा शब्द दिला 'अकेलापन'. छत्तीसगढी मुलं म्हणाली, "हम तो 'अकेल्ला' बोलते हैं." बरं, अकेल्ला. मला त्या वेळी वाटलं की मराठीत यासाठी किती शब्द आहेत. एकटेपण, एकाकीपण, एकलेपण, आणि हवाहवासा तो एकांत. आणि हे सगळं सांगायला वर्गात मराठी कुणाला येत नव्हतं. गोंदियाच्या मुलांना थोडंफार समजायचं, पण ती घरीही हिंदीच बोलत. इथून सत्तरेक किलोमीटरवर, राजनांदगावला, गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून कॉलेजात शिकवत होते. घर मराठी, कविता हिंदी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मात्र मराठीत लिहीत राहिले. एकाच घरातून दोन भाषांत दोन कवी निघाले. मी रायपूरची तिसरी पिढी, आणि मला हे नेहमी घरच्या गोष्टीसारखं वाटत आलं आहे. छत्तीसगढात मराठी माणूस बाहेर हिंदीत जगतो, त्यात दुःख वगैरे काही नाही. फक्त संध्याकाळी दार लावल्यावर पलीकडे कुणीतरी असावं लागतं.

असो. कविता लिहून झाल्या की मुलं एकमेकांच्या वाचत आणि शेरा लिहीत. हा भाग मला सगळ्यात जास्त खटकू लागला. 'बहुत सुंदर.' 'बहुत अच्छा लिखा.' 'वाह.' बेचाळीस मुलं, बेचाळीस वेळा 'वाह'. एखादीनं आपली आजी ओडिशात एकटी आहे असं लिहावं आणि खाली कुणी 'बहुत अच्छा' लिहावं, हे वाचताना कसंतरी व्हायचं. मोठी माणसंही हेच करतात, कविसंमेलनात तर जोरात करतात, तेव्हा मुलांना काय बोलणार.

मग एके दिवशी मी त्यांना हायकूचा मागचा जन्म सांगितला. आज आपण जो सुटा हायकू लिहितो त्याला ते नाव आणि स्वतंत्र जागा दिली ती मासाओका शिकी यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी तो 'होक्कू' होता, म्हणजे एका लांब साखळी-कवितेची पहिली कडी. चार माणसं एकत्र बसत. एक जण पाच-सात-पाच म्हणे. दुसरा त्याला सात-सात अशा दोन ओळी जोडे. तिसरा पुन्हा तीन, चौथा पुन्हा दोन. बाशोच्या काळात अशा छत्तीस कड्यांची बैठक रूढ होती. त्या साखळीत चंद्राच्या आणि फुलांच्या जागा ठरलेल्या, आणि प्रेमाची कडीही यायचीच. तिच्याबद्दल एक जुना दंडक होता: प्रेमाची कडी एकटी सोडायची नाही, तिच्यामागे निदान आणखी एक तरी प्रेमाचीच यायला हवी. बाशोनं पुढे तो सैल केला, एकच असली तरी चालेल म्हणाला. मी मुलांना जुनाच नियम सांगितला. बाशो माफ करील.

तर आता 'वाह' बंद. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. दुसऱ्या कुणीतरी ती उचलायची आणि खाली दोन ओळी लिहायच्या, सात आणि सात. अर्थ विचारायचा नाही, उपदेश करायचा नाही, स्तुती करायची नाही. फक्त शेजारी येऊन बसल्यासारखं काहीतरी लिहायचं. मुलांना पटलं की नाही माहीत नाही, पण डब्याचं आकर्षण होतं.

चपलेच्या हायकूखाली आलं:

छह बजे का भोंपू
माँ चूल्हा सुलगाती

म्हणजे पाळी सुटली, वडील निघाले असतील. कुणी चपलेचं कौतुक केलं नाही. रात्र संपवली फक्त. आजीवाल्या मुलीनं पुन्हा लिहिलं होतं:

नानी का फोन
बारिश वहाँ की भी
सुनाई पड़ी

खाली उत्तर:

यहाँ छत पे काला
पानी गिर रहा है

उरल्यात पहिल्या पावसात पत्र्यांवरून खरंच काळं पाणी उतरतं. आठवड्यांची धूळ असते ती. ओडिशाच्या त्या गावातला पाऊस आणि हा पाऊस शेजारी शेजारी ठेवले गेले, एवढंच झालं. आणि अर्थात सगळं इतकं गंभीर नव्हतं. एकानं लिहिलं:

बिजली गई
मैं और ये मच्छर
दोनों अकेले

उत्तर:

वो अकेला नहीं है
बाकी मेरे घर हैं

हे वाचल्यावर वर्ग पाच मिनिटं आवरत नव्हता. मलाही आवरायचं नव्हतं.

त्याच दिवसांत, दहा मिनिटं उरली म्हणून, मी त्यांना इस्साची गोष्ट सांगितली. लहानपणीच त्याची आई गेली, पुढे स्वतःची मुलंही गेली, आणि हा माणूस चिमण्या-बेडूक-माश्यांवर लिहीत राहिला. मी वेळ काढायला सांगत होते. ती कुणी कशी ऐकली ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

तो आठवडा तीजाचा होता. तीजा म्हणजे आपली हरतालिका. दिवस एकच, भाद्रपद शुद्ध तृतीया, पण घरातलं चित्र उलटं. आमच्याकडे त्या दिवशी आई पाटावर वाळूची पिंड करायची, पत्री मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी गणपती म्हणून घर माणसांनी भरलेलं असायचं. छत्तीसगढात तीजाला बाई माहेरी जाते. पोरा झाला, म्हणजे आपला पोळा, की भाऊ किंवा वडील न्यायला येतात. आदल्या रात्री माहेरी करू भात, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात, आणि मग निर्जळी उपास. माहेरची नवी साडी. पन्नास-साठ वर्षांच्या बायकासुद्धा जातात. कुणाला न्यायला कुणी आलं नाही तर ती आयुष्यभराची बोलणी. त्या दिवसांत उरल्यातल्या आमच्या वर्गात अर्ध्या मुलांचे केस विंचरलेले नसतात आणि डब्यात वडिलांनी भाजलेल्या जाड पोळ्या असतात. मग आया परततात, पिशवीत ठेठरी-खुरमी घेऊन. ठेठरी बेसनाची, तिखटमिठाची, आणि खुरमी गुळाची.

तीजानंतर मी वह्या गोळा केल्या. डब्यात चिठ्ठी टाकायची आणि वहीतही उतरवायची, असा नियम होता. शाळेत वहीशिवाय काही झालं असं धरत नाहीत. घरी परतताना बसमध्ये वह्या तपासत होते. एका वहीत होतं:

तीजा बीत गे
दाई मन आ गिन
मोर दुआरी

तीजा सरला. आया परत आल्या. माझं दार.

बसला धक्के बसत होते, अजून वीस वह्या बाकी होत्या, आणि मी हिंदीची शिक्षिका आहे. लाल पेनानं खाली लिहिलं: 'वाक्य अधूरा है। क्रिया कहाँ है?'

दोन दिवसांनी वही सुधारून परत आली. मुलगा आज्ञाधारक. तिसरी ओळ आता होती, 'मोर दुआरी सुन्ना हे'. माझं दार सुनं आहे. अक्षरं आठ झाली होती. मी मोजून 'अक्षर गिनो' असंही लिहिणार होते, पण तेवढ्यात तास संपला म्हणून राहिलं.

शुक्रवारी डबा उघडला. चिठ्ठ्या मीच मोठ्यानं वाचायचे, हस्ताक्षरावरून चिडवाचिडवी नको म्हणून. एका चिठ्ठीवर तीच कविता होती, पहिली, क्रियापद नसलेली. खाली दुसऱ्या अक्षरात:

ठेठरी-खुरमी हे
आ जा, संग म खाबो

ठेठरी-खुरमी आहे, ये, बरोबर खाऊ.

मी वाचलं आणि पुढची चिठ्ठी उचलायला हात घातला, आणि तेव्हा कुठे मला ती कविता ऐकू आली. सगळ्यांच्या आया आल्या. माझं दार. त्यापुढे क्रियापद असतंच कुठून? ज्या कुणी उत्तर लिहिलं होतं त्याला किंवा तिला हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी, दोन मिनिटांत कळलं होतं. त्या मुलानं काही विचारलं नव्हतं, आणि उत्तर देणाऱ्यानंही काही विचारलं नाही. विचारलं होतं ते मी, लाल शाईत, क्रिया कहाँ है.

वर्गशिक्षिकेनं नंतर सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्याची आई तीजाला गेली, ती आली नाही. का, ते मी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात बोलावलं. वही मागून घेतली. म्हटलं, "तुम्हारा पहला वाला सही था. ये 'सुन्ना हे' काट दो."

तो वहीकडे बघत राहिला. "फिर क्रिया?"

"नहीं चाहिए."

"परीक्षा में भी नहीं?"

"परीक्षा में चाहिए," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. खोटं बोलून त्याचे दोन गुण घालवायचे नव्हते.

त्यानं पट्टी लावून दोन शब्द खोडले, अगदी सरळ रेषेत. माझा शेरा मी स्वतः खोडला आणि शाळेच्या पद्धतीप्रमाणे खोडाखोडीशेजारी सही केली. लाल शाई काही पुसता येत नाही. अजून ती तिथं असेल.

सोमवारी डबा उचलला तर जड लागला आणि आत खडखड वाजलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ठेठऱ्या, शेवटी चुरा झालेल्या खुरमी. नाव नाही. नियमच तसा होता. मी डबा टेबलावर उघडा ठेवला आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ तारीख लिहीत राहिले. वळले तेव्हा निम्मा संपला होता. मच्छरवाल्याचे गाल फुगलेले. त्या मुलाच्या हातात दोन ठेठऱ्या होत्या, एक खात होता, एक नुसती धरली होती.

त्या रात्री मी घरी चिठ्ठी लिहायला बसले. इतके दिवस मी त्यांच्याकडून मागत होते, स्वतः डब्यात काही टाकलं नव्हतं. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. हिंदीत दोनदा लिहून फाडलं, अक्षरं बरोबर बसत होती आणि बाकी काही बसत नव्हतं. शेवटी मराठीत लिहिलं, न मोजता:

आई गेल्यावर
घरात मराठी उरली
कॅलेंडरपुरती

स्वयंपाकघराच्या भिंतीवर आईनं दरवर्षी लावायचं म्हणून लावलेलं मराठी कॅलेंडर आहे. चतुर्थी, एकादशी, मागच्या पानावर पाककृती. महाराष्ट्र मंडळात गेलं की मराठी कानावर पडते, पण ती कार्यक्रमातली. 'अगं, दूध उतू जातंय' ही मराठी फक्त घरात असते. वर्गात हे कुणाला समजणार नाही, या भरवशावरच मी चिठ्ठी डब्यात टाकली असावी. लिपी मात्र एकच, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

शुक्रवारी चिठ्ठी आली. या वेळी मोठ्यानं वाचली नाही, पर्समध्ये ठेवली आणि बसमध्ये काढली. खाली निळ्या पेनानं, थोड्या वाकड्या अक्षरात:

आई माने दाई ना?
हमू ल सिखा देहू

आई म्हणजे दाईच ना? आम्हालाही शिकवा. बरोबरीच्या मुलाला लिहायचं असतं तर 'देबे' लिहिलं असतं. 'देहू' आदरार्थी आहे. म्हणजे चिठ्ठी कुणाची ते ओळखलं होतं, आणि ओळखलं नाही असंही दाखवायचं होतं.

बस बिरगाव ओलांडून भनपुरीकडे वळली. मी बोटांवर मोजलं. सात, आणि सात.